घरून काम करताना मुलांचे फोनही लागले पाहिजेत आणि त्यांची कागदपत्रंही सुरक्षित राहिली पाहिजेत. कसं जमवू?

गावभाग_लिपिक, सांगली

नमस्कार. सांगलीतल्या एका अनुदानित कॉलेजात मी वरिष्ठ लिपिक आहे, नोकरीला एकवीस वर्षं झाली. शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे. जूनच्या शेवटी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण त्यांना एकटं ठेवता येत नाही. यांची नोकरी कुपवाड एमआयडीसीत, तीही पाळीची. प्राचार्यांनी आपणहून सांगितलं, दीड महिना सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून काम करा, बाकीचे तीन दिवस कॉलेजात या. तसं लेखी पत्रही दिलं. एवढा विश्वास टाकलाय, म्हणून हे मला नीट करायचं आहे.

काम काय ते सांगते. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, मुलं अर्ज भरतात, ते लिपिकाच्या लॉगिनला येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, रेशनकार्ड, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, एकेक उघडून बघायचं. सगळं बरोबर असेल तर अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. चूक असेल तर शेरा लिहून मुलाकडे परत. परत गेलेला अर्ज मुलानं मुदतीत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षाचे पैसे गेले. म्हणून शेरा मारला की मी त्या मुलाला फोन करतेच. पोर्टलवरचा शेरा सगळ्यांनाच कळतो असं नाही.

आता झालं काय ते. आमचं घर जुन्या वाड्यातलं, भिंती दीड-दोन फूट जाड. मधल्या खोलीत सासूबाईंची कॉट, तिथंच माझं टेबल. त्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही. पण घरचं वायफाय असल्यामुळे व्हॉट्सॲप येत होतं, म्हणून फोन चालू आहे असंच मी धरून चालले. एका सोमवारी दिवसभर एकही फोन आला नाही. मंगळवारी कॉलेजात गेले तर खिडकीपाशी जतकडच्या एक बाई मुलीला घेऊन उभ्या. म्हणाल्या, "मॅडम, काल अकरा वेळा फोन केला, लागतच नाही म्हणाला." शेतमजुरीला जाणारी बाई. रोज बुडवून, अडीच तास एसटीत बसून आल्या होत्या. काम काय होतं? उत्पन्नाच्या दाखल्याचं दुसरं पान अपलोड व्हायचं राहिलं होतं. पाच मिनिटांचं काम. फोनवर सांगितलं असतं तर त्यांच्या गावातल्या सेवा केंद्रात झालं असतं. त्या काही बोलल्या नाहीत, उलट "तुमच्या सासूबाई कशा आहेत" म्हणून विचारलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास फोन आला, तेव्हा मी अंगणात होते. "शिष्यवृत्ती कक्षातून बोलतोय, तुमचं लॉगिन आज बंद होणार आहे, आलेला ओटीपी सांगा." बोलणं अगदी सरकारी. कॉलेजचं नाव, प्राचार्यांचं नाव, माझं पद, सगळं बरोबर. आणि ओटीपी खरोखरच आला होता. आतून सासूबाई हाक मारत होत्या, माझं लक्ष निम्मं तिकडे. पहिले दोन आकडे तोंडातून गेले, मग कसं कोण जाणे, भान आलं आणि फोन ठेवला. लगेच प्राचार्यांना कळवलं, पासवर्ड बदलला. काही नुकसान झालेलं दिसत नाही. पण त्या लॉगिनमागे किती घरांचे दाखले आहेत, बँकेच्या खात्यांचे नंबर आहेत, हे आठवून अजून हात थरथरतो.

तर मला दोन्ही बाजूंनी धास्ती आहे. नंबर सगळ्यांना द्यावा तर असले फोन येतात, रात्री साडेदहालाही येतात. नाही द्यावा तर कोणीतरी पुन्हा जतहून येणार.

सध्याची माझी स्थिती काही न लपवता लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. लॅपटॉप मुलाचा, तो बारावी सायन्सला आहे. विंडोज १०. एकच खातं, पासवर्ड नाही. पोर्टलचा पासवर्ड क्रोममध्ये जतन केलेला. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मुलांचे तीनशेच्या वर दाखले साठलेत. माझ्या व्हॉट्सॲपवर मुलं आधारचे फोटो टाकतात, ते थेट गॅलरीत जातात, पुतण्याच्या बारशाच्या फोटोंच्या शेजारी. वायफायचा पासवर्ड शेजारच्या दोन बिऱ्हाडांना माहीत आहे. आणि कॉलेजचे कॉम्प्युटर बघणारे जे आहेत ते म्हणतात, ऑफिसच्या मशीनवर रिमोटचं ॲप कायमचं चालू ठेवू, तुम्ही घरून कधीही जोडा. ते घ्यावं का?

कमी खर्चात आणि मला एकटीला जमेल असं सांगा. कॉम्प्युटर मला कामापुरता येतो, पण समजावून सांगितलं तर मी करते.

---

विट्याचा_लॅबवाला

ताई, नमस्कार. मीपण कॉलेजातलाच, लॅब असिस्टंट. पहिलं ते भिंतीचं घेऊ, कारण ते आजच्या आज सुटतंय.

फोनच्या सेटिंगमध्ये सिमकार्डच्या भागात जावा, तिथं 'वायफाय कॉलिंग' असं बटण असतंय. ते चालू करा. मग टॉवरची रेंज नसली तरी साधा फोन तुमच्या घरच्या वायफायवरून येतो आणि जातो. समोरच्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, त्या जतच्या मावशींनी साध्या बटणाच्या फोनवरून लावला तरी तुमच्याकडं वाजणार. सिमच्या कंपनीनं आणि फोननं दोघांनी ती सोय दिलेली पाहिजे, हल्लीच्या बहुतेक फोनात आहे. चालू केल्यावर वर पट्टीत वायफाय कॉलिंगची खूण दिसती. ती दिसली की मधल्या खोलीत बसा आणि तुमच्या मिस्टरांना बाहेरनं एक फोन लावायला सांगून बघा. खात्री झाल्याशिवाय सोडू नका.

पण ह्यात एक मेख आहे. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन पुन्हा मुका. म्हणून राउटरला छोटा डीसी यूपीएस घ्या, दुकानात 'मिनी यूपीएस' किंवा 'राउटर यूपीएस' म्हटलं की देतात. मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही, राउटर वीज फार खात नाही. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघून जावा, बहुतेक १२ व्होल्ट असतंय, पण काही ९ चेही असतात. चुकीचा लावला तर राउटर जातो.

आता लॅपटॉप. तुमच्या मुलाचं वेगळं खातं आणि तुमचं वेगळं, विंडोजमध्येच. क्रोमचं वेगळं प्रोफाइल केलं म्हणजे झालं असं बरेच जण समजतात, ते पुरत नाही, एका टिचकीत दुसऱ्याचं उघडतंय. विंडोजचं खातं वेगळं पाहिजे, त्याला पासवर्ड पाहिजे, आणि ॲडमिनचा अधिकार एका तिसऱ्या खात्याकडं ठेवा, रोजच्या वापराला नको. मग पोरानं गेम म्हणून काही भलतं उतरवलं तरी ते सहसा त्याच्या खात्यापुरतं राहतं. पोराला रागवायची गरज नाही, त्याचाच लॅपटॉप आहे. आणि उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबायचं. आजींनी हाक मारली तरी आधी ते, मग उठायचं. दोन दिवसांत हाताला सवय होती.

विंडोज १० चं म्हणाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. म्हणजे नवी भोकं सापडली तरी ती बुजवायला कोणी येत नाही. घरच्या वापराला नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळवता येतात. पण तो लॅपटॉप विंडोज ११ घेतोय का बघा, घेत असेल तर सरळ तेच करा. नसेल घेत तर माझं स्पष्ट मत, ह्या कामाला तो वापरू नका. प्राचार्यांकडं कॉलेजच्या लॅबमधला एक लॅपटॉप दीड महिन्यापुरता लेखी मागा. लेखी परवानगी देणारा माणूस लॅपटॉपही देईल.

क्रोममधला जतन केलेला पासवर्ड काढून टाका. राउटरचा वायफाय पासवर्ड बदला, आणि राउटरच्या आत शिरायचा जो वेगळा पासवर्ड असतोय तोपण बदला, तो बऱ्याच घरात कंपनीनं दिलेला तसाच असतो. शेजाऱ्यांना नाही म्हणणं जड जातंय, मला कळतंय. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, त्यांना तो पासवर्ड द्या. त्यांचं काम होतंय आणि ते तुमच्या लॅपटॉपच्या जाळ्यात येत नाहीत.

आणि ते रिमोटचं ॲप. नको. ऑफिसात कोणी नसताना दारं उघडी ठेवून जाण्यासारखं आहे ते. पासवर्ड एकदा फुटला की तुमच्या खुर्चीत बसून कोण काय करतंय ते दिसायलाही तिथं कोणी नाही. तुमचं पोर्टल तर ब्राउझरमध्येच उघडतंय, मग ऑफिसचं मशीन लागतंय कशाला? कधी अगदीच लागलं तर तिथं कोणीतरी बसलेलं असू दे, त्यानं तेवढ्यापुरती परवानगी द्यायची, काम झालं की बंद.

---

माजी_ओएस, सातारा

मॅडम, मी कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षे सांगलीत काढली, आता साताऱ्यात शाहूपुरीत असतो. वरील बंधूंनी यंत्राचे सांगितले, मी कागदाचे सांगतो.

आपण गावभागात राहता असे लिहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. २००५ च्या पुरात आमच्या एका लिपिकाने शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यांचा गठ्ठा नोंदी करण्यासाठी घरी नेला होता. हेतू चांगला होता, काम तुंबू नये हाच. रात्रीत पाणी चढले. त्यांनी आधी आईवडिलांना बाहेर काढले, ते योग्यच होते. दाखले पाण्यात राहिले. पुढे आम्ही तिघांनी ते एकेक पान सुटे करून पंख्याखाली वाळवले. शाई पसरलेली, शिक्के गेलेले. त्यातील मुलांना दुय्यम प्रती देण्यासाठी जनरल रजिस्टरवरून पुन्हा सगळे लिहावे लागले. रजिस्टर वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. त्या गृहस्थांना कोणी एक शब्द बोलले नाही, पण ते स्वतः निवृत्त होईपर्यंत ती गोष्ट विसरले नाहीत.

तेव्हा मूळ कागद एकही घरी नेऊ नये. सही राहिलेला असो, शिक्का राहिलेला असो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आपल्याला मी सांगायला नको. २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पावसाळ्यात गावभागातले घर ही कागद ठेवण्याची जागा नव्हे.

दुसरे, घरून केलेल्या कामाची एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, अर्ज क्रमांक, काय केले, कोणाशी बोललात. मुलाचे नाव नको, क्रमांक पुरे. दर मंगळवारी प्राचार्यांची त्यावर सही घ्या. कोणी आपल्यावर अविश्वास दाखवला म्हणून नव्हे. त्या ओटीपीच्या प्रसंगासारखे पुन्हा काही घडले, आणि त्या वेळेत लॉगिनमध्ये कोणी काही केले असे निघाले, तर "हे मी केलेले नाही" हे दाखवायला आपल्याजवळ लेखी काहीतरी असले पाहिजे. आता घडलेला प्रसंगही तारीख-वेळेसह लिहून आवक क्रमांक टाकून ठेवा. तोंडी सांगितलेले कार्यालयात टिकत नाही.

तिसरे, आपण घरी असताना खिडकीवर कोण, हे ठरवून घ्या. आपल्या गैरहजेरीत शिपायाने "मॅडम नाहीत" एवढेच सांगणे आणि "मॅडम अकरा ते एक फोनवर आहेत, हा नंबर, आत्ता लावून देतो" असे सांगणे, यात त्या जतच्या बाईंची एक फेरी वाचते. शिपायांना विश्वासात घेऊन सांगा. ते करतात.

---

कराडची_प्राध्यापिका

फक्त आधारबद्दल. मुलांना मास्क केलेलं आधार पाठवायला सांगा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवता येतं, पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. नाव जुळतंय का एवढंच बघायला ते पुरतं.

आणि व्हॉट्सॲपवर कागद घेणं पूर्णच बंद करा. कॉलेजच्या मेल खात्यातून गुगल फॉर्म करा, त्यात फाइल जोडायची सोय ठेवा. फाइल कॉलेजच्या ड्राइव्हमध्ये जाते, तुमच्या फोनमध्ये काही येत नाही. मुलाला गुगल खात्यातून आत यावं लागतं, ते बहुतेकांकडे असतंच. फक्त त्या फोल्डरची लिंक 'ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल' अशी राहिली नाही ना, हे बघा. आमच्या विभागात एकदा गुणांची यादी तशी आठ दिवस राहिली होती, एका विद्यार्थिनीनंच लक्षात आणून दिलं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय. अकरावी-बारावीचे अर्ज तुमच्याकडे येत असतील तर ती सगळी मुलं त्यात आली.

---

माणदेशी_आई, आटपाडी

मी कॉलेजातली नाही. माझी मुलगी सांगलीला शिकते, तीच हे टाइप करून देतेय, मी सांगतेय.

मॅडम, तुम्ही झोप लागली नाही असं लिहिलं ते वाचून मला बरं वाटलं. कोणाला तरी वाटतंय. आमचं काय होतं ते सांगते. आम्हाला दिवसभर फोन उचलायला नको तुम्ही. आम्ही पण रानात असतो. फक्त कधी लावला तर उचलणार ते नक्की सांगा, आणि त्या वेळेला उचला. "केव्हाही करा" असं सांगतात त्यांचाच फोन कधी लागत नाही. वेळ ठरलेली असली की मी त्या वेळेला बांधावर रेंजमध्ये येऊन उभी राहीन.

आणि मॅडम, मेसेज मराठीत लिहा. 'सेंट बॅक' म्हणून मेसेज आला तर मला वाटलं पैसे परत गेले. पोरगी हॉस्टेलवरून फोन करेपर्यंत मी रडत बसले होते. कुठलं पान पाहिजे, किती तारखेपर्यंत, कुठं करायचं, एवढं लिहिलं की सेवा केंद्रातला मुलगा करून देतो. बँकेचंपण तसंच. खात्याला आधार जोडलंय म्हणून बँक सांगते आणि पैसे तर येत नाहीत. ते सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे ह्याच खात्यात यावेत म्हणून बँकेनं करायची आधारची नोंद, वेगळं असतं हे मला तिसऱ्या फेरीला कळलं.

तुमच्या सासूबाईंना लवकर बरं वाटू दे.

---

गावभाग_लिपिक, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आटपाडीच्या ताई, तुमचं उत्तर मी सासूबाईंनाही वाचून दाखवलं. 'सेंट बॅक'चा तो शेरा मीसुद्धा आजवर तसाच मारत आलेय. उद्यापासून मराठीत.

वायफाय कॉलिंग चालू केलं. यांनी गल्लीच्या टोकावरून फोन लावला, मधल्या खोलीत वाजला. इतकी वर्षं आम्ही फोन आला की अंगणात पळत होतो.

आता दोन शंका. एक, नंबर कोणता द्यायचा? माझा घरचा नंबर बोर्डावर लावलेला आहे, तो काढायचा म्हणते. दुसरी, कॉलेजच्या मेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय, लावलं तर तो कोड फोनवर येणार. पाणी चढलं, आम्हाला विश्रामबागला नणंदेकडे जावं लागलं, फोन भिजला किंवा हरवला तर? तेव्हा मी माझ्याच खात्याच्या बाहेर राहीन का?

---

विट्याचा_लॅबवाला

ताई, नंबरचं सोपं आहे. एक वेगळं सिम घ्या, कॉलेजच्या नावानं मिळालं तर उत्तम, कारण उद्या टेबल बदललं तर नंबर टेबलाकडं राहील. ते तुमच्याच फोनात दुसऱ्या खणात टाका आणि त्याचंपण वायफाय कॉलिंग चालू करून तपासा, ते प्रत्येक सिमचं वेगळं असतंय. त्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ते साध्या व्हॉट्सॲपशेजारी एकाच फोनात चालतंय. त्यात कामाची वेळ टाकता येती, आणि वेळेबाहेर कोणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातंय. ते उत्तर आटपाडीच्या ताईंनी सांगितलं तसं लिहा: कधी उचलणार, कागद कुठं भरायचे. रात्री ते सिम झोपवून ठेवा. पण पोर्टलच्या लॉगिनला नोंदवलेला नंबर हा नसावा! ओटीपी ज्या नंबरवर येतोय तो कुठल्याही बोर्डावर नको. तुमचा बोर्डावरचा नंबर आणि ओटीपीचा नंबर एकच होता, म्हणून त्या फोनवाल्याचं एवढं साधलं.

कॉलेजची लँडलाइन त्या सिमकडं वळवायची असेल तर कॉलेजातनं अर्ज करून वळवा. कोणी फोनवर "स्टार चारशे एक दाबा, मग हा नंबर दाबा" म्हणलं तर अजिबात दाबायचं नाही. त्यानं तुमचेच फोन त्याच्याकडं वळतात, बोलून येणारे ओटीपीसकट. ह्याच फसवणुकीमुळं दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून फोन वळवायची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरी असले फोन येतात, म्हणून सांगतोय. तसंच लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून एपीके फाइल (फोनात ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, मुलांच्या नंबरवरून आली तरी. त्यांचा फोन आधीच गेलेला असतोय. आणि कधी पैसे गेलेच तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला लगेच फोन, विचार करत बसायचं नाही.

आता टू-स्टेप. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्यातला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनला रेंज नसली, नेट नसलं तरी चालतोय. तुमच्या वाड्याला हेच बरं. आणि फोनच गेला तर त्यासाठी गुगल 'बॅकअप कोड' देतं, आठ आकडी दहा कोड, एकेक एकदाच चालतो. ते उतरवून कागदावर घ्या. लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका, फोनमध्ये फोटो काढून तर नकोच.

ते तीनशे दाखले: कॉलेजात जाल त्या दिवशी, पोर्टलवर असलेले पुन्हा कशाला साठवायचे ते बघा. बहुतेकांची गरजच नसणार. पोर्टलवरच उघडा, बघा, बंद करा. उरलेले कॉलेजच्या ड्राइव्हला टाका, मग घरच्या मशीनवरनं काढा आणि कचऱ्याची टोपली रिकामी करा. फोनच्या गॅलरीतलेपण. व्हॉट्सॲपमध्ये आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

---

माजी_ओएस, सातारा

त्या कोडांच्या कागदाविषयी. एक प्रत सीलबंद पाकिटात, वर आपली सही, प्राचार्यांच्या कपाटात. दुसरी आपल्याकडे, पण घराच्या कपाटात नको. पूर आला की माणूस काय उचलतो? पैशांची पर्स, औषधांची पिशवी, रेशनकार्ड. ज्या पिशवीत आपण सासूबाईंच्या ऑपरेशनचे कागद ठेवता त्यातच ठेवा. ती पिशवी आपण विसरणार नाही.

---

गावभाग_लिपिक, सांगली

बारा दिवसांनी लिहितेय. कॉलेजनं लॅपटॉप दिला, विंडोज ११ चा, आवक-जावकला नोंद करून. मुलाचा लॅपटॉप त्याला परत. मिनी यूपीएस घेतला. अडॅप्टर बरोबर नेला होता, १२ व्होल्टचा निघाला. परवा दुपारी सव्वादोन तास लाइट नव्हती, तेवढा वेळ राउटर चालला. दाखले काढले. ते करायला पूर्ण एक शनिवार गेला, त्यात सोळा मुलांच्या कागदांत चुका सापडल्या, त्यांना फोन केले. गेस्ट वायफायचं शेजारच्या काकूंना थोडं लागलं. मी त्यांना घरात बोलावून सांगितलं की ह्या मशीनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले असतात. मग म्हणाल्या, आधी सांगायचं होतंस.

फोनची वेळ अकरा ते एक आणि चार ते पाच ठेवलीय. तीन ते चार सासूबाईंचा व्यायाम असतो, तेव्हा नाही. खिडकीवर मोठ्या अक्षरात लावलंय आणि आमचे शिपाईमामा आता स्वतः नंबर लावून देतात. पहिल्या सोमवारी एकवीस फोन आले, दुसऱ्या सोमवारी नऊ. रात्रीचा एकही नाही.

जतच्या त्या बाईंचा काल सव्वाअकराला फोन आला. अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे गेलाय हे मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, खात्याचं सीडिंग म्हणजे काय असतं?" तेव्हा मी वीस मिनिटं बोलत होते आणि तेवढ्यात दोन फोन एंगेज लागले. ते दोघेही मी नंतर लावले, एक लागला, एक अजून लागत नाही. खरसुंडीकडचा मुलगा आहे. लॅबवाले दादा, समोरचाच रेंजमध्ये नसेल तर त्याला फोन आल्याचं कळावं अशी काही सोय असते का? मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

---

विट्याचा_लॅबवाला

साधा एसएमएस टाका ताई, व्हॉट्सॲप नको. एसएमएस कंपनीकडं थांबून राहतोय आणि तो रेंजमध्ये आला की पोचतोय. मराठीत, पान आणि तारीख लिहून. आणि शिक्षकांकडनं त्याच्या वर्गातल्या एकाला निरोप द्या. खरसुंडी विट्यापासून लांब नाही, गुरुवारपर्यंत नाही लागला तर मला कळवा, आमच्या कॉलेजात तिकडनं येणारी पोरं आहेत.